माळ, रान आणि पडीक : सोलापूरच्या गवताळ भूमीचे मराठी साहित्यातील स्थान

(१)

मराठी साहित्यातील निसर्गाचा विचार करताना आपण समुद्र, सह्याद्री, अरण्य आणि नदी यांची नावे सहज घेतो. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला यांपैकी भीमा व तिच्या उपनद्या वगळता फारसे काही आलेले नाही. वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, खोल काळ्या जमिनीचे पट्टे आणि त्यांच्यामधून पसरलेले मुरमाड, उथळ मातीचे माळ, एवढेच या भूमीचे स्थूल वर्णन करता येईल. असा प्रदेश साहित्यात आला म्हणजे तो दुष्काळाच्या रूपाने येतो, आणि समीक्षेत आला म्हणजे ‘पार्श्वभूमी’ या एका शब्दाने त्याची बोळवण होते. ही बोळवण केवळ अपुरी नसून चुकीच्या वाचनाला कारणीभूत झाली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. माळाला रिकामी जागा समजून वाचले की काही महत्त्वाच्या मराठी कृतींचा गाभाच आपल्या हातून निसटतो, हे या लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

(२)

विचाराचा आरंभ शब्दांपासून करणे इष्ट होईल. सोलापूर, मराठवाडा व माणदेश या भागांत शेतकरी ‘रानात जातो’ असे म्हणतो, तेव्हा तो स्वत:च्या शेतात जात असतो. त्याच बोलीत ‘रानडुक्कर’, ‘रानमांजर’, ‘रानभाजी’ या शब्दांतील रान मात्र अनागर, मनुष्याच्या हाताबाहेरचे असते. एकाच शब्दाने नांगरलेली भूमी आणि न नांगरलेली भूमी अशा दोन्ही गोष्टी दाखविल्या जातात, आणि बोलणाऱ्याला त्यात कसलाही विरोध जाणवत नाही. ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा शहरी वाचकाला त्या शीर्षकात वनश्री दिसली असल्यास नवल नाही. वस्तुत: तेथील रान हे प्रथम कसणाऱ्याचे रान आहे. प्रमाण मराठीने ‘शेत’ आणि ‘जंगल’ अशी फोड केली, आणि बोलीतील हा एकसंध प्रदेश दोन खात्यांत विभागला गेला.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जोडी अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. या जोडीत माळ कोठे बसतो? तो काळीतही नाही आणि पांढरीतही नाही. गुरांसाठी तो गायरान होतो, राखला तर कुरण होतो, आणि सरकारी दप्तरात तो ‘पडीक’ होतो. पहिली दोन नावे उपयोगाची आहेत. तिसरे नाव अभावाचे आहे. जे पिकत नाही, ज्याचा सारा येत नाही, ते पडलेले. महसुलाच्या सोयीसाठी रूढ झालेला हा शब्द पुढे वर्णनाचा आणि अखेरीस मूल्याचा शब्द झाला. ‘माळाचा मळा केला’ हे वाक्य आपण निरपवाद स्तुती म्हणून वापरतो. एका स्वराच्या फेरफाराने ओसाडीची समृद्धी होते, अशी त्यामागची समजूत आहे. त्या समजुतीची चिकित्सा साहित्याच्या अभ्यासकाने तरी करावयास हवी होती.

येथे गुंथर सोंथायमर यांच्या विचाराचे स्मरण होते. पश्चिम भारतातील धनगरांच्या दैवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत व १९८९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ‘क्षेत्र’ आणि ‘वन’ या दोन संकल्पनांच्या साहाय्याने त्यांनी या प्रदेशातील धर्मजीवनाची मांडणी केली. त्यांच्या ‘वना’त केवळ घनदाट अरण्य नसून मेंढपाळांची चराऊ भूमीही येते, आणि ही दोन विश्वे परस्परांवाचून जगू शकत नाहीत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा विशेष होय. मंगळवेढे तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीच्या सुमारास धनगरांची मोठी यात्रा भरते, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या दैवतपरंपरेत शोधणारा रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हा ग्रंथ तर सर्वश्रुत आहे. दैवतविज्ञानाने माळाचे महत्त्व ओळखले. साहित्यसमीक्षेने मात्र ते अद्याप ओळखलेले नाही.

(३)

माळ आणि शेत परस्परांवाचून जगू शकत नाहीत, याचा अर्थ सोलापूरच्या ऋतुमानातून स्पष्ट होतो. कोकणात वा मावळात पावसाळा आला की सारेच हिरवे होते. येथे तसे होत नाही. श्रावण-भाद्रपदात माळ हिरवा असतो. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते वाढत असतात. त्याच वेळी रब्बीची काळी जमीन उघडी असते. शेतकरी तिला कुळवाच्या पाळ्या देत ओल जिरवीत असतो. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पाभर चालते, आणि त्यानंतर ज्वारी मुख्यत: जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. कार्तिकापासून पालट होतो : माळ पिवळा पडत जातो आणि काळी हिरवी होत जाते. पौषात हुरडा येतो, माघ-फाल्गुनात काढणी होते, कडब्याच्या गंजी लागतात आणि सारीच भूमी पुन्हा उन्हाच्या स्वाधीन होते. म्हणजे माळ आणि शेत हे एकाच वर्षाचे दोन अर्ध आहेत. एक निजते तेव्हा दुसरे जागे असते.

या पालटावर या भूमीतील लहानमोठे जीवन अवलंबून आहे. पावसाळ्यात गवतात नाकतोडे व इतर कीटक वाढतात. चंडोल, लावा, तित्तिर यांची वीण त्यांच्या आधाराने होते. माळढोक पक्षी येथे पावसाळ्यातच विणीस लागतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि पुढे हा पक्षी शेतांतही चरावयास उतरतो. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून भोवत्या ससाणे येतात व गवतावरून अगदी खालून उडत नाकतोड्यांची शिकार करतात. ज्वारीत दाणा भरू लागला की मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे उतरतात, आणि माचावर गोफण घेऊन उभ्या असलेल्या राखणदाराचा दिवस त्यांच्यामागे जातो. काढणी झाली की धनगराची मेंढरे शेतात बसविली जातात. त्यांच्या लेंड्यांचे खत शेताला मिळते आणि धनगराला धान्य मिळते. माळावरचे गवत अशा रीतीने मेंढराच्या पोटातून ज्वारीच्या मुळाशी पोहोचते.

ज्वारीचा इतिहासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. सोलापुरास १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्याच दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण पुढे दीर्घकाळ दख्खनच्या रब्बी हंगामाचा आधार ठरला. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. ज्वारी हेही अखेर एक गवतच आहे. मनुष्याने निवडलेले गवत काळीत आणि न निवडलेले गवत माळावर, असा हा शेजार आहे.

कुसळीचे उदाहरण घेऊ. तिच्या बीजाला लांब, पिळदार केस असतो. हवा कोरडी असता त्याला पीळ बसतो आणि ओल मिळताच तो पीळ सुटतो. या उलटसुलट फिरण्याने बी आपोआप जमिनीत रुतत जाते. मेंढराच्या लोकरीत, वाटसरूच्या धोतरात अडकून ते दूरवरही जाते. हे सारे गवत वाळल्यानंतर घडते. पिवळा माळ म्हणजे मेलेला माळ नव्हे. पेरणी आटोपून बसलेला माळ होय. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहण्याची म्हण आपल्या तोंडी असते; पण ज्या भूमीतून ते कुसळ आले, ती मात्र आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

(४)

आता साहित्याकडे वळू. मराठीच्या पूर्वपरंपरेत ही दृष्टी नव्हती असे मुळीच नाही. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत शेते केवळ शोभेसाठी येत नाहीत. साळीची राखण करणाऱ्या तरुणी, कापसाची पेरणी, तागाचे मळे, पिकाच्या उंचीत साधणारा एकान्त आणि कापणीबरोबर येणारे त्या एकान्ताचे मरण, हे त्या गाथांचे विषय आहेत. साळ पिकून पांढरी पडू लागली म्हणून खाली मान घालून रडणाऱ्या नायिकेला फुललेल्या तागाच्या मळ्याकडे बोट दाखविणारी गाथा प्रसिद्धच आहे. येथे पिकाचा काळ हाच प्रेमाचा काळ आहे. एक पीक गेले की दुसरे कोठे उभे आहे, हे ठाऊक असणाऱ्या समाजाचीच ही कविता आहे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला सुलभ झाला; परंतु त्यातील शृंगाराची जेवढी चर्चा झाली तेवढी त्यातील शेतीच्या कालगणनेची झाली नाही.

आधुनिक काव्यात बालकवींची ‘फुलराणी’ ही गवताळ भूमीवरची सर्वाधिक लोकप्रिय कविता म्हणता येईल. तिचे माधुर्य निर्विवाद आहे. तथापि तेथे गवत हा गालिचा आहे; त्यावर एका कळीचे लग्न लागावयाचे आहे. गवताला स्वत:चे चरित्र नाही, ते मंचकाचे काम करते. त्यातही ते हिरवे आहे तोवरच कवितेला हवे आहे. हा दोष बालकवींचा नव्हे. कवीने आपल्या प्रतिभेला मानवला तो क्षण घेतला. परंतु त्यानंतर आपल्या अभिरुचीत एक समीकरण दृढ झाले : हिरवे ते जिवंत, पिवळे ते मृत. सोलापूरच्या माळाला हे समीकरण लावले की वर्षातील आठ महिने तो मृतच ठरतो.

याउलट बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता पाहावी. ‘बहिणाबाईची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली. पक्षिशास्त्र सांगते की सुगरण पक्ष्यात घरटे विणतो तो नर. मादी विणलेल्या घरट्यांची पारख करते. बहिणाबाईंनी ते श्रेय आईला दिले. मग ही कविता खोटी ठरते काय? तसे म्हणणे अरसिकपणाचे होईल. मराठी भाषेने त्या पक्ष्याला आधीच स्त्रीलिंगी नाव दिले आहे; आणि कवयित्रीचे लक्ष चोच या एकाच साधनाने साधलेल्या कारागिरीवर आहे. तपशील शास्त्राशी जुळला नाही, तरी पक्ष्याचे स्वतंत्र कर्तृत्व कवितेत पूर्णपणे मान्य झाले आहे. आपल्या विवेचनाची कसोटी त्यामुळे नेमकी करता येते. लेखकाने वनस्पतिशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण व्हावी अशी अपेक्षा येथे नाही. विचारावयाचे ते इतकेच की, मनुष्येतर वस्तूला कृतीत स्वत:चे जीवन मिळाले आहे की ती केवळ मनुष्याच्या भावनेची खुंटी झाली आहे.

(५)

या कसोटीवर व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पुन्हा वाचावयास हवी. माणगंगेचे खोरे पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. सांगोले-मंगळवेढ्याचा माळ आणि माणदेशाचा माळ हे एकाच भूमीचे भाग आहेत. कादंबरीतील तरुण मास्तर औंध संस्थानातील या धनगरवाडीत येतो, कारभारी, आनंदा रामोशी, आयबू अशा माणसांत मिसळतो, तालीम उभी राहते, संस्थानचे राजे येऊन जातात. पुढे पाऊस येत नाही, मेंढरे मरू लागतात, माणसे जगावयास बाहेर पडतात, आणि मास्तर ओस पडलेली वाडी सोडून निघतो.

या कृतीचे विवेचन प्राय: दोन दिशांनी झाले आहे : एक, समूहजीवनाची वा प्रादेशिक कादंबरी म्हणून, दुसरी, दुष्काळाची शोकान्तिका म्हणून. दोन्ही वाचने यथार्थ असली तरी दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : माणसे हे पात्र आणि माळ हा पडदा. या गृहीतकामुळे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. तालमीच्या उभारणीने एकत्र आलेली वाडी इतक्या अल्पावकाशात आणि इतक्या कमी कोलाहलाने कशी विस्कटते? समूहाच्या ऐक्यावर भर दिला की शेवट आकस्मिक वाटतो. दुष्काळावर भर दिला की मधला सारा भाग केवळ व्यक्तिचित्रांचा संग्रह वाटतो.

माळाला पात्र मानले की ही अडचण उरत नाही. धनगराचा संसार काळीवर उभा नसून गवतावर उभा आहे. पावसाने ओढ दिली तर शेतकरी जमिनीला धरून राहण्याचा प्रयत्न करतो, कारण त्याची ठेव जमिनीत असते. मेंढपाळाची ठेव चालती असते; गवत गेले की तिच्यामागे त्याला जावेच लागते. बनगरवाडीचे विस्कटणे हा तिचा पराभव आहेच, परंतु ती तिची जुनी रीतही आहे. तिच्या दृष्टीने शाळा आणि तालीम याच अपवादात्मक गोष्टी होत : स्थिर राहणाऱ्या समाजाने, म्हणजे राज्याने व मास्तरने, चालत्या समाजात रोवलेले ते खुंट आहेत. कादंबरीतील खरा ताण चांगुलपणा आणि आपत्ती यांच्यात नसून स्थैर्य आणि चराई यांच्यात आहे, आणि निवाडा गवत करते. माडगूळकरांनी तो निवाडा कोठेही भाष्य करून सांगितला नाही; म्हणूनच तो आपल्या नजरेतून सुटला असावा. त्यांची संयत शैली हा केवळ लेखनगुण नव्हे. माळाला बोलू देण्याची ती रीत आहे.

(६)

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ज्या माडगूळकरांनी माणदेशाची माणसे मराठीत अजरामर केली, त्यांनी वन्यजीवनावर सलग लिहावयाचे ठरविले तेव्हा ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले, आणि ‘सत्तांतर’ या कादंबरीचा विषय अरण्यातील वानरांच्या टोळ्या हा झाला. मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला, २००६ साली सोलापुरातच भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२५ साली त्यांचे देहावसानही सोलापुरातच झाले. बालपणीच्या सोलापूरचे ऋण त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मान्य केले आहे. तरीही त्यांच्या लेखनाचा मोठा भाग नवेगाव, नागझिरा, मेळघाट या अरण्यांचा आहे. वनखात्यातील सेवेने त्यांना तेथे नेले, हे उघड कारण होय. त्यांच्या कार्याचे मोल त्यामुळे यत्किंचितही उणे होत नाही. परंतु माळावर जन्मलेल्या दोन थोर निरीक्षकांनी माणसांसाठी माळ आणि निसर्गासाठी अरण्य अशी वाटणी मुख्यत: स्वीकारावी, यावरून ती वाटणी आपल्या वाङ्मयीन संस्कृतीत किती खोल गेली आहे याची कल्पना येते. निसर्ग म्हणजे झाडे, आणि झाडे नाहीत तेथे निसर्ग नाही, असे आपण न बोलता मानीत आलो आहो.

(७)

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. समीक्षेने साहित्याचे परीक्षण करावे. भूमीचे रक्षण हे तिचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. आक्षेप तत्त्वत: मान्य करूनही एवढे सांगितले पाहिजे की शब्दांचे परीक्षण हे तर निश्चितच तिचे काम आहे, आणि ‘पडीक’, ‘ओसाड’, ‘उजाड’ हे शब्द समीक्षेच्या आणि शासनाच्या भाषेत समान आहेत. नान्नज व परिसरातील माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते, ते पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. मूळ क्षेत्रात गावे, शहरे व शेते यांचाही समावेश होता, त्यामुळे ती घट सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु उरलेल्या माळांवरही ‘हरित’ करण्याच्या सद्हेतूने ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावण्यात आली. ज्या पक्ष्याला दूरवरचे दिसावे लागते, ज्याच्या नावातच माळ आहे, त्याला झाडांची भिंत उपकारक नसते. आज साऱ्या देशात माळढोकांची संख्या दीडशेहूनही कमी मानली जाते, आणि सोलापूरच्या माळावर त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. शिकार, तारा, पिकांतील पालट अशी त्याची अनेक कारणे आहेत. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणानंतर उसाने व्यापलेली जमीन ही त्यांपैकी एक होय. पाणी मिळालेल्या शेतकऱ्याला ज्वारीच करीत राहा असे सांगण्याचा अधिकार विद्यापीठात बसलेल्या कोणालाही नाही. परंतु झाडे लावणाऱ्याला माळ रिकामा दिसला, तो केवळ नकाशामुळे नव्हे. त्याच्या हाती असलेल्या पाठ्यपुस्तकातील कवितांनी आणि त्यांवरील टिपांनीही त्याला तसेच पाहावयास शिकविले होते.

आपल्या विभागातील अभ्यासकांना या दिशेने करण्यासारखे काम पुष्कळ आहे. गवतांची, पाखरांची, जमिनीच्या प्रतींची जी नावे सांगोले, मंगळवेढे, करमाळे, बार्शी या भागांत अद्याप ज्येष्ठांच्या तोंडी आहेत, ती संदर्भासह नोंदविली पाहिजेत. धनगरी ओव्यांतील चराईच्या वाटा ऋतूंशी ताडून पाहिल्या पाहिजेत. ग्रामीण म्हणून वर्गीकृत झालेल्या कथाकादंबऱ्यांत कोणत्या महिन्यात काय घडते, त्या महिन्यात माळ कसा असतो आणि काळी कशी असते, एवढा साधा प्रश्न जरी आपण प्रत्येक कृतीला विचारला, तरी अनेक ‘पार्श्वभूमी’ पुढे सरकून कथेच्या मध्यभागी येतील.

सोलापूरच्या बोलीने रान हा एकच शब्द राखून शेत आणि माळ यांचे नाते आजवर सांभाळले आहे. तो शब्द बोलणारी माणसे मळ्यात आणि शहरात पांगत आहेत. त्यांच्या शब्दाचा पूर्ण अर्थ टिपून ठेवण्यास अद्याप अवधी आहे; तो फार मोठा आहे असे मात्र म्हणवत नाही.